गुरुवारच्या बाजारातल्या मावशींना

मावशी, रामराम.

हे पत्र तुम्हाला तुमची नात वाचून दाखवेल. तिने कंटाळून मधलं काही गाळलं तर तिचा कान धरा.

बी.ए.चा निकाल लागला. समाजशास्त्र स्पेशल होतं ना, त्यात पास झाले आणि बाजारावरच्या प्रकल्पाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. प्रकल्पावर नाव माझं आहे, निम्मं काम तुमचं. पण तुमचं नाव त्यात कुठंच घालता आलं नाही. माहिती देणाऱ्याची ओळख उघड करायची नाही, असा आमच्या शास्त्राचा दंडक आहे. म्हणून आभाराचं पान रिकामं रिकामं वाटलं, आणि म्हणून हे पत्र. नाव इथंही घालत नाही, पण बाजारात कळायचं त्याला कळेलच.

पहिल्या गुरुवारी मी तीस छापील प्रश्नावल्या घेऊन आले होते. ड्रेसला इस्त्री, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. तुम्ही नुकतं बारदान अंथरून मेथीच्या पेंड्या मांडत होता आणि मी उभ्याउभ्या विचारलं, “आपले मासिक उत्पन्न किती?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “अजून भवानी न्हाय झाली, आन् तू पैशाचं इचारतीस? आदी बस खाली.”

बसले. कागद तुमच्या हातात दिला तर तुम्ही तो लांब धरलात, जवळ धरलात आणि परत दिलात. चष्मा घरी राहिला म्हणालात. उत्तर देणाऱ्याने स्वतः भरायची ती प्रश्नावली आणि संशोधकाने विचारून भरायची ती मुलाखत अनुसूची, हा फरक मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहून आले होते. तरीही तीस प्रश्नावल्या छापून घेतल्या होत्या! झेरॉक्सचे पैसे गेले ते वेगळेच.

मग आला प्रश्न चौथा. कुटुंबाचा प्रकार: संयुक्त की विभक्त, योग्य त्या चौकटीत खूण करा. तुमचा थोरला वाशीच्या मार्केटात माथाडी, खोली करून राहतो. पण पेरणीला पैसे तोच पाठवतो, रेशनकार्डावर त्याचं नाव इथंच आहे, जत्रेला सगळं बिऱ्हाड घेऊन येतो. धाकटा शेजारीच राहतो, त्याची चूल वेगळी, शेत मात्र एक. सासूबाई पंधरा दिवस त्याच्याकडे, पंधरा दिवस तुमच्याकडे. हे सगळं सांगून तुम्ही विचारलंत, “आता कुटं मारतीस फुली?” मी कुठंच मारली नाही. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या आणि समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंचं नाव घेतलं. गुजरातेतल्या महुव्यातली कुटुंबं अभ्यासून त्यांनी 1964 साली हेच मांडलं होतं: छत वेगळं झालं म्हणून कुटुंब तुटत नाही, मालमत्ता आणि एकमेकांची जबाबदारी कुठं जोडलेली आहे ते बघावं लागतं. नोट्समध्ये ते दोन ओळींत होतं. मी पाठ केलं होतं, कळलं तुमच्या बारदानावर.

पण खरं ऋण जातीच्या प्रश्नाचं आहे. मी तो सगळ्यांत वर ठेवला होता. तुम्ही आवाज खाली आणलात. “ह्ये आसं भर बाजारात तोंडावर इचारू नगं. उठ, येक फेरी मारून ये. कोन कुटं बसलंय बघ.” मला आधी राग आला होता, खोटं कशाला बोलू. तरी गेले. मधल्या वाटेला भाजी, किराणा, मसाले, कापड. ओढ्याकडच्या कडेला टोपल्या-सुपं, केरसुण्या, चपला शिवणारे. तिथं ना सावली, ना नळ. जागा कुणाच्याच नावावर नाहीत, पावती फाडणारा सगळ्यांकडूनच पैसे घेतो, मग हे असं कुणी बसवलं? परत येऊन विचारलं तर तुम्ही म्हणालात, “कुनी न्हाय. पयल्यापासनं.” आणि मी प्रस्तावनेत आधीच लिहून ठेवलं होतं की बाजारात जातीचं महत्त्व संपत चाललं आहे. ते पान फाडलं. त्या जागी हाताने काढलेला बाजाराचा नकाशा लावला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी बाकी काही विचारलंच नाही, वीस मिनिटं नकाशावरच बोलत राहिले.

वळवाचा पाऊस आठवतो? पालाखाली शिरेपर्यंत माझे अकरा फॉर्म भिजले, निळ्या शाईचा लगदा झाला. मी रडकुंडीला आले. मॅडमनी नंतर एम. एन. श्रीनिवास या समाजशास्त्रज्ञांची गोष्ट सांगितली. म्हैसूरकडच्या रामपुरा गावावरची त्यांची टिपणं 1970 साली अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये आगीत गेली, मग आठवणीच्या जोरावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते 1976 साली आलं. ते मोठे लोक. माझी आठवण म्हणजे तुम्ही. पुढच्या गुरुवारी तुम्ही एकेकीला हाक मारून बोलावलंत, “ये गं, हिचं कागुद भिजल्यात, परत सांग.” आणि त्या आल्या, धंदा सोडून. मला एकटीला त्यांनी दुसऱ्यांदा उभं केलं नसतं.

प्रकल्पाची एक प्रत घेऊन गुरुवारी येते. तुमच्याबद्दलचं पान वाचून दाखवीन, चुकलं असेल तिथं सांगा. आणि तुम्ही चहाला गेला होता तेव्हा मी कोथिंबीर विकली होती, त्यातले आठ रुपये सुटे माझ्या पर्समध्येच राहिलेत. तेही आणते.

तुमची,
प्रश्नवाली पोरगी