शाळा बंद असताना पहिली-दुसरीची प्रगती कशात मोजायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उष्णतेची लाट, दूषित हवा, पूर, वादळ, कारण कोणतंही असो, हल्ली शाळा बंद असल्याचा निरोप आला की त्यातच पुढचं वाक्य असतं, ‘वर्ग ऑनलाइन भरतील.’ एकट्या 2024 मध्ये टोकाच्या हवामानामुळे 85 देशांतल्या किमान 24 कोटी 20 लाख विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडला, असं युनिसेफनं म्हटलं आहे. म्हणजे घरून शाळा हा विषय 2020-21 बरोबर संपलेला नाही. तेव्हा आम्ही प्राथमिकच्या शिक्षकांनी जे केलं, तेच पुन्हा होऊ घातलेलं दिसतं, म्हणून हे पत्र.

मी तेव्हा दुसरीला शिकवत होते. दर शुक्रवारी एक तक्ता भरून द्यावा लागे. तास किती झाले, हजेरी किती, कितवा पाठ संपला, व्हिडिओ किती पाठवले, गृहपाठाचे फोटो किती आले. वर्षअखेरीस या तक्त्यांवरूनच शाळेचा प्रगतीचा अहवाल झाला आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं त्यात नोंदवलं गेलं. त्यातला माझ्या वर्गाचा एकही आकडा खोटा नव्हता. पण ‘हे मूल वाचतं का?’ असा रकानाच त्या तक्त्यात नव्हता, आणि तो असावा, असं मीही तेव्हा म्हटलं नाही.

शाळा उघडल्यावर एका मुलाला मी जवळ बसवलं. ऑनलाइन तासाला तो सगळ्यांच्या आधी हजर असे आणि वाच म्हटलं की घडाघडा वाचे. वर्गातही त्यानं तसंच सुरू केलं. पण बोट एका शब्दावर होतं आणि तोंडात पुढचा शब्द. मी धड्यातल्या चित्रावर हात ठेवला, तसा तो थांबला. मग न शिकवलेला उतारा पुढे ठेवला. अक्षरं तो सुटी सुटी ओळखत होता, त्यांचा शब्द होत नव्हता. जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडे बघायचा. वर्षभर त्याची आई कॅमेऱ्याच्या मागे बसून हळू आवाजात सांगत होती, हे नंतर तिनंच मला सांगितलं. तिला मी दोष देणार नाही. आपलं मूल साऱ्या वर्गासमोर अडखळू नये, असं कुठल्या आईला वाटत नाही? वर्षभर मी त्याला तेच धडे वाचायला सांगितले, जे व्हिडिओत त्यानं दहादा ऐकले होते. त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचन : समाधानकारक’ असं लिहिलं आहे, आणि अक्षर माझं आहे.

सातवी-आठवीचं मूल वाचायला शिकलेलं असतं. चार पानं धाडली तर ते त्यातून काहीतरी काढतं. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात अजून ते साधनच नसतं. ते कुठे अडकलं, बोट कुठे थांबलं, वजाबाकीत हातचा घ्यायचा राहिला की आकडेच उलटे मांडले, हे कुणीतरी शेजारी बसून बघावं लागतं. तीस चौकटींच्या पडद्यावर, सगळे आवाज म्यूट असताना, ते दिसत नाही.

साधनं भरपूर असली तरी फारसं वेगळं घडत नाही. नेदरलँड्समध्ये घरोघरी चांगलं इंटरनेट आहे आणि 2020 मध्ये तिथल्या शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या. तरी 8 ते 11 वर्षांच्या मुलांच्या चाचण्या तपासल्या तेव्हा सुमारे एक पंचमांश वर्षाचं शिकणं गेलेलं आढळलं, म्हणजे जवळजवळ बंदीच्या काळाइतकंच. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं नुकसान आणखी मोठं होतं. जिथे साधनंच नव्हती तिथली गोष्ट तर वेगळीच. ऑगस्ट 2020 मध्ये युनिसेफनं सांगितलं होतं की जगातल्या किमान 46 कोटी 30 लाख मुलांपर्यंत दूरस्थ शिक्षण पोचूच शकत नव्हतं.

मग काय करायचं? आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात त्याच काळात एक साधा प्रयोग झाला. सुमारे साडेचार हजार कुटुंबांमधल्या काहींना साध्या मोबाइलवर दर आठवड्याला गणिताची उदाहरणं पाठवली, तर काहींना त्याबरोबर वीसेक मिनिटांचा फोनही केला. मूल आणि पालक दोघांना फोनजवळ बसवायचं, उदाहरण सोडवून घ्यायचं, बस. जिथे फोन गेला तिथल्या मुलांचं गणित सुधारलेलं दिसलं. नुसत्या संदेशांनी तेवढा फरक पडला नाही.

मी स्वतः हे फार उशिरा, शेवटच्या दोन महिन्यांत केलं. रोज पाच मुलांना फोन, प्रत्येकाला दहा मिनिटं. मूल कधीही न पाहिलेल्या चार ओळी वाचणार आणि मी ऐकणार. पहिल्याच आठवड्यात मला माझ्या वर्गाबद्दल जे कळलं, ते साऱ्या शुक्रवारच्या तक्त्यांतून कळलं नव्हतं. एका मुलीनं वाचून झाल्यावर विचारलं, “बाई, आता म्यूट करू का?” मी नको म्हटलं, तर ती पुढची पाच मिनिटं घरातल्या मांजरीबद्दल बोलत राहिली. महिनोन् महिने तिचं बोलणं असं सलग मी ऐकलंच नव्हतं.

यासाठी वेळ हवा असेल तर दुसरं काहीतरी सोडावं लागतं, आणि ते शाळेनं ठरवून, उघडपणे सोडावं. पहिली-दुसरीला रोजचे तीन-तीन तास पडद्यावर नकोत. परिसर अभ्यासाचे पाठ मागे राहिले तर राहू देत, ते पुढच्या वर्षी भरून निघतात. वाचन आणि संख्यांची समज मागे राहिली तर पुढचा प्रत्येक विषय अडतो. मुख्याध्यापकांनी शिक्षकांकडून व्हिडिओंची संख्या मागू नये. या आठवड्यात कोणत्या मुलांचं वाचन ऐकलं आणि कोणाचं राहिलं, एवढंच मागावं.

आणि एक विनंती आपल्याकडे. सप्टेंबर 1937 मध्ये पोलिओच्या साथीमुळे शिकागोत शाळा उघडायला उशीर झाला, तेव्हा रेडिओवरून पाठ दिले गेले. शंका विचारण्यासाठी फोनची सोय होती, आणि त्या दिवशीच्या पाठांचं वेळापत्रक आणि प्रश्न तिथली वर्तमानपत्रं सकाळी छापत. ते पाठ मात्र तिसरी ते आठवीसाठी होते. सगळ्यात लहान मुलं तेव्हाही बाहेरच राहिली. शाळा बंद असतील त्या दिवसांत आपल्या वर्तमानपत्रात पहिली-दुसरीसाठी एक कोपरा राखता येईल का? मोठ्या टाइपात आठ-दहा ओळींची नवी गोष्ट, रोज वेगळी, म्हणजे ती कुणाला पाठ असणार नाही. खाली पाच उदाहरणं. गोष्टी निवडायला आणि तपासायला मी आनंदानं मदत करीन, आणि त्याच संध्याकाळी माझ्या वर्गाला फोन करून ती गोष्ट वाचायला सांगेन.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका