हेरफर्ड, इंग्लंडहून

प्रिय विन्या,

गुडघा कुरकुरतो, बाकी तब्येत ठीक. लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. हेरफर्डच्या कॅथीड्रलमधला तो जगाचा नकाशा अखेर पाहिला रे! जावयाने गाडी काढली म्हणून जमलं.

इ.स. १३०० च्या सुमाराचा. एकाच वासराच्या कातड्यावर, दीड मीटरहून उंच. पूर्व वर, मधोमध जेरुसलेम. तांबडा समुद्र चक्क तांबडा रंगवलाय. नोहाचं तारू, बाबेलचा मनोरा, क्रीटचा चक्रव्यूह, सगळे काळ शेजारी शेजारी. आपल्या हिंदुस्थानात एक एकपाय्या माणूस तोच पाय डोक्यावर सावलीला धरून बसलाय. तुझी दुपारची झोप आठवली!

आता काळजीचं. शाळेच्या प्रदर्शनात याची प्रत लावायची ठरलीय आणि मंडळींना फलकावर हवंय, 'जुन्या लोकांच्या चुका'. तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. मुलं हसतील आणि पुढे जातील. एस.वाय.ला तूही हेच म्हणायचास, मध्ययुगाला भूगोल कळत नव्हता. अरे, त्याच सुमारास भूमध्य समुद्रावरच्या खलाशांकडे किनारे नेमके दाखवणारे तक्ते होते! १३ व्या शतकाच्या अखेरचा 'कार्टा पिसाना' आजही पॅरिसमध्ये आहे. म्हणजे किनारा काढता येत होता. हेरफर्डच्या नकाशाचं काम वेगळं होतं. सृष्टी कुठून सुरू झाली, काय काय घडलं, त्यात आपण कुठे, हे एका नजरेत दाखवायचं. युरोप आणि आफ्रिका ही सोनेरी नावं मात्र एकमेकांच्या जागी पडलीत. ती चूकच. तेवढी तुला दिली.

एक जागा मी वाकून वाकून पाहिली. खुद्द हेरफर्डचं चित्र जवळजवळ पुसलं गेलंय, पिढ्यान् पिढ्या लोकांनी 'आपण इथे' म्हणत बोट ठेवून ठेवून. ज्या नकाशात माणसं अशी स्वतःला शोधत होती, त्याला चुकांची यादी कसं म्हणू द्यायचं? मला हे पटतच नाही. भांडायला मी तयार आहे, पण दहा ओळींत मुलांना कळेल असं तुलाच लिहिता येतं. फलकाचा मजकूर तू लिही. पंधरा तारखेच्या आत हवा.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? आणि पोरीच्या बदलीचं काय ठरलं ते कळव. गच्चीच्या गळतीला या पावसाळ्याआधी हात घाल बाबा.

तुझा,
दिल्या