हात आपोआप फेकला जात असेल, तर आधी रक्त तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एड्सच्या रुग्णांना मेंदूचा संसर्ग होऊन हातापायांच्या हालचाली बिघडतात, याबद्दल आपल्या खान्देशात कुणी बोलत नाही. चोपडा-यावल भागात मी परिचारिका होते. एका तरुण बाईचा डावा हात-पाय अचानक जोरजोरात फेकला जाऊ लागला. झोप लागली की शांत, जाग आली की पुन्हा तेच. ‘बाहेरचं आहे’ म्हणून घरच्यांनी उतारे केले. त्यात कितीतरी दिवस गेले. अखेर रक्ततपासणीत एचआयव्ही निघाला आणि स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या भागात खोलवर गाठ दिसली, टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची.

हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात जातो. धडधाकट माणसाला बहुधा कळतही नाही. पण रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या सीडी-४ पेशी १०० च्या खाली गेल्या की तो डोकं वर काढतो. हालचालींना लगाम घालणारं मेंदूतलं केंद्र त्यानं बिघडवलं, की विरुद्ध बाजूचे हातपाय बेलगाम होतात. क्षयाच्या गाठीनंही असं होऊ शकतं. काही रुग्णांत उलट हालचाली मंदावतात, कंप सुटतो.

मन हळहळतं ते यासाठी, की टोक्सोप्लाझ्मावर औषध आहे. कोट्रायमोक्साझोल ही साधी, स्वस्त गोळी त्याच्या उपचारात चालते आणि पेशी कमी असलेल्यांना आधीपासून दिली तर संसर्ग टाळतेही. त्या बाईचा हात उपचारांनी बराच शांत झाला, पण पूर्ण नाही. ती लवकर आली असती तर, हे मला आजही वाटतं.

सातपुड्याच्या पाड्यांवर भगतावर लोकांचा विश्वास आहे. त्याला हिणवून काही साधणार नाही. अशा रुग्णाला त्यानं त्याच दिवशी दवाखान्यात धाडावं, एवढं त्याला आशाताईंनी समजवावं. आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांच्या एआरटी गोळ्यांत, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या औषधांत, मध्येच खंड पडतो, त्यांना निघतानाच जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात. सरकारी केंद्रांत त्या २००४ पासून मोफत आहेत.

तपासणीला लोक बदनामीच्या भीतीनं कचरतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो, हे त्यांना कुणी सांगतच नाही. आपल्या आरोग्य पानावर ही माहिती आणि १०९७ हा मोफत मदत क्रमांक नियमित छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, चोपडा