प्रदर्शनातले पुस्तक वाचायचे कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वाचनालयातील विशेष ग्रंथप्रदर्शनाची बातमी आपल्या कालच्या अंकात चार कॉलमी छायाचित्रासह वाचली. छायाचित्रात फीत, कात्री, शाल, श्रीफळ आणि अकरा मान्यवर अगदी स्पष्ट दिसतात. पुस्तके बहुधा त्यांच्या मागे असावीत. प्रदर्शन भरवल्याबद्दल ग्रंथपालांचे आणि संचालक मंडळाचे अभिनंदन करण्यास माझी काहीच हरकत नाही. मात्र ‘वाचकांनी प्रदर्शनाचा भरभरून लाभ घेतला’ हे बातमीतले वाक्य वाचल्यावर हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना, कारण असाच लाभ मी गेल्या वर्षी याच दिवसांत घेतला आहे आणि तो कसा असतो हे आपल्या वाचकांना कळायला हवे.

गेल्या वर्षी १२ जानेवारीला माझ्या आठवीतल्या नातवाला शाळेत चार हुतात्म्यांवर पाच मिनिटे बोलायचे होते. सोलापूरच्या पोराला त्यांच्या नावाच्या चौकामुळे ‘चार हुतात्मे’ हे शब्द पाठ असतात आणि थोडी धडपड केली तर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन ही नावेही सांगता येतात, पण १९३० च्या मे महिन्यात या गावात नेमके काय घडले, मार्शल लॉ कशामुळे लागला आणि या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी का झाली, हे विचारले की गाडी अडते. म्हणून १० तारखेला मी त्याला घेऊन वाचनालयात गेलो. दारातच ‘हुतात्मा दिन विशेष ग्रंथप्रदर्शन’ असा फलक आणि त्यामागे काचेचे कपाट. कपाटात वरच्या फळीवर स्वामी विवेकानंद आणि जिजाऊ, कारण दोघांची जयंतीही त्याच दिवशी, आणि त्यातही एकाच चरित्राच्या तीन प्रती शेजारीशेजारी, जागा भरावी म्हणून. खालच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात, पिवळ्या पडलेल्या कापडी बांधणीचे, सोलापुरातल्या मार्शल लॉवरचे आम्हाला हवे असलेले पुस्तक होते. नातू काचेला नाक लावून त्याच्या पाठीवरचा दाखलअंक वाचत होता. मी देवघेव काउंटरवर जाऊन ते पुस्तक मागितले. तिथला मुलगा मोठ्या अदबीने म्हणाला, “आजोबा, ते प्रदर्शनातलं आहे. सव्वीस तारखेपर्यंत हलवता येत नाही. जागा मोकळी दिसली तर वर विचारतात.” मग इथेच बसून वाचू द्या म्हटले, तर किल्ली ज्यांच्याकडे होती ते सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी रजेवर होते. त्या मुलावर माझा राग नाही. तो सांगितलेले काम करत होता. पण मार्शल लॉ उठून इतकी वर्षे झाली तरी त्या एका पुस्तकावर तो अजून लागू आहे, हे मला त्या दिवशी समजले. नातवाने शेवटी चौकातल्या पाटीवरचे आणि माझ्या आठवणीतले मिळून भाषण केले. त्यात माझ्या दोन चुका होत्या, त्या शाळेतल्या बाईंनी काढल्या.

मी आयुष्यभर एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिले आणि कारखान्याच्या विक्री दुकानातही बसलो. दर्शनी भागात चादर टांगायची ती गिऱ्हाईकाने हात लावावा, उलटी करून पाहावी, पोत बोटांना कळावा म्हणून. गिऱ्हाईक तीच चादर मागते आणि आपण तीच काढून, घडी घालून, बांधून देतो. टांगायला दुसरी मागून येते. दर्शनी चादर महिनाभर जागची हलली नाही तर शेठ विचारायचे की मांडायला चुकलात का. वाचनालयात हिशेब उलटा आहे, तिथे पुस्तक जागचे हलले तर विचारणा होते. ग्रंथालयशास्त्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या रंगनाथन यांचे पाच सूत्रे मांडणारे पुस्तक १९३१ साली, म्हणजे आमच्या हुतात्म्यांच्याच वर्षी निघाले आणि त्यातले पहिले सूत्र ‘पुस्तके उपयोगासाठी आहेत’ एवढेच आहे. ते समजावताना त्यांनी जुन्या काळी युरोपात पुस्तके फळीला साखळीने बांधून ठेवत, त्याचा दाखला दिला आहे. आमच्याकडे साखळी नाही, काच आहे; प्रगती म्हणायची ती एवढीच. याच रंगनाथन यांच्या जयंतीला, १२ ऑगस्टला, याच काचेच्या कपाटासमोर ग्रंथपाल दिनाचा हारतुरा होतो, हेही नमूद करतो.

प्रदर्शन कसे आखावे हे मी सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल, पण आगाऊपणाच्या वयात मी आलो आहे. कपाटाऐवजी काउंटरसमोर एक साधे टेबल, त्यावर वीस-पंचवीसच पुस्तके आणि ती तिथूनच घरी न्यायची मुभा हवी. गेलेल्या पुस्तकाच्या जागी त्याच विषयावरचे दुसरे ठेवावे आणि महिनाअखेरीस किती मांडली यापेक्षा किती गेली ते मोजावे. विषयही जयंती-पुण्यतिथीच्या पंचांगातूनच का निवडावेत? नान्नजचा माळढोक, उजनीचे पाणी, हातमाग, ज्वारी, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज यांवर वाचणारी माणसे याच गावात राहतात. आणि पंचांगच धरायचे तर तेही नीट धरावे. याच सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या आणि चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ साली वारलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसाठी गेल्या ऑक्टोबरात एक फळीसुद्धा नव्हती, मात्र पाच दिवसांनी वाचन प्रेरणा दिनाला दालनभर पताका होत्या. पूर्व भागातून येणाऱ्या सभासदांसाठी असलेले तेलुगू पुस्तकांचे कपाट पाण्याच्या पिंपामागे आहे आणि पिंप हलवल्याशिवाय त्याचे दार उघडत नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय असला तरी इथे राहवत नाही म्हणून लिहिले. तीन भाषा बोलणाऱ्या या शहरात प्रदर्शन मात्र नेहमी एकाच भाषेत लागते.

आता पुन्हा आपल्या बातमीकडे वळतो. यंदाच्या प्रदर्शनात ‘सोलापूरच्या मार्शल लॉवरील दुर्मिळ ग्रंथ वाचकांसाठी मांडण्यात आला आहे’ असे आपण छापले आहे. कुर्बान हुसेन स्वतः वृत्तपत्र चालवत होते, म्हणून निदान हुतात्म्यांच्या बातमीत तरी जागेवर जाऊन पाहण्याची तसदी घ्यावी, अशी अपेक्षा ठेवणे चूक नसावे. आपल्या वार्ताहरांना मिळालेली यादी बहुधा गेल्या वर्षीचीच आहे, कारण तो ग्रंथ यंदा त्या कपाटात नाही. कपाटाला कुलूप लागायच्या आधीच, २ जानेवारीला, मी तो माझ्या वर्गणीवर रीतसर नोंद करून घरी आणला. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर माझ्या शिक्क्याच्या वरचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा आहे. नातवाचे वाचून झाले असून सध्या ते शेजारच्या वाड्यातल्या दोन मुलींकडे आहे. परतीची तारीख उलटली तर दंड भरीन.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
सोलापूर