नोकरी सांभाळून बाहेरची भाषांतरे घेणाऱ्या सभासदांसाठी

सभासदहो, नमस्कार.

गटावर आलेले काम उचलण्याआधी आपले नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरच्या कामाला मनाई करणारे कलम त्यात असू शकते. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना विप्रोने २०२२ मध्ये घरी पाठवले, हे आठवत असेलच.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार खासगी नोकरी-धंद्यासाठी पूर्वपरवानगी लागते. अधूनमधूनच्या साहित्यिक कामाला सूट आहे. पण दरमहा बिले लावणे म्हणजे ‘अधूनमधून’ नव्हे!

परवानगी लेखीच घ्या. साहेबांची बदली झाली की तोंडी होकारही त्यांच्याबरोबर जातो. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचे काम नकोच. आणि घरच्यांच्या नावाने बिल काढायचे सल्ले कृपया इथे देऊ नयेत.

– गट समन्वयक