बोलायची बंदी आहे म्हणून पत्र

प्रिय बाळ्या,

तब्येत बरी. स्वरयंत्रावर साधी गाठ आहे, बोलायची बंदी आहे, घरचे खुशीत आहेत.

खरी कटकट आपलं नाटक बसवणाऱ्या दादांची. म्हणाले, यंदा नाट्यस्पर्धेत तू विंगेत थांब, प्रकाशयोजना बघ. मी! माझ्या हशांवर तू जळायचास (जळायचासच), आणि मी दिवे वरखाली करू?

रात्री झोप येईना म्हणून मूकपटातला विनोदी नट रेमंड ग्रिफिथ लावून बसलो. चॅप्लिन की कीटन यावरून आपण बोलणं टाकलं होतं, तेव्हा या तिसऱ्याचं नाव दोघांनीही काढलं नव्हतं. रेशमी उंच टोपी, चेहऱ्यावर शिष्ट हसू. 'हँड्स अप!'मध्ये (1926) तो अमेरिकी यादवीतला दक्षिणेचा हेर. गोळ्या घालायला उभा केला, तर पठ्ठ्या हवेत बशा उडवतो आणि शिपाई बशांवरच नेम धरतात! 'पॅथ्स टू पॅराडाइज'ही पाहिला, पण त्याचं शेवटचं रीळच हरवलंय. शेवटच बघायला मिळत नाही, शिव्या घातल्या.

आता ऐक. या माणसाचा आवाज कुजबुजीच्या वर जात नसे. पोरवयात नाटकात रोज किंचाळून गेला, असं तो सांगायचा. मूकपटात कोणाला पत्ता लागणार? बोलपट आले आणि कारभार आटोपला. 1930च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये तो खड्ड्यात मरणारा फ्रेंच शिपाई आहे. भोसकणारा नायक, लू आयर्स, त्याच्याशी बोलतो, माफी मागतो, आणि हा एक शब्द न काढता सगळा प्रसंग खाऊन टाकतो. पुढे निर्मितीत गेला. 1940चा 'द मार्क ऑफ झोरो' त्याच्याच देखरेखीखाली झाला.

दादांना हे लिहून दाखवलं. म्हणाले, "बघ, तोही मागेच गेला ना?" अरे, पण आधी तो शिपाई करून गेला! मला विंगेत दुसऱ्याचा हशा ऐकवणार नाही. कोणी वाक्य आधी टाकलं तर ओरडायचीही सोय नाही.

तुझी बदली झाली म्हणे, छान. वहिनींना नमस्कार, पोरीच्या दहावीला शुभेच्छा.

तुझ्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक मुका माणूस घाल. पाच मिनिटं पुरे, पण हशा त्याचाच हवा. दादा तुझं ऐकतात. फोन करू नकोस, लिहूनच पाठव.

तुझा,
बंड्या