ओट्यावरचं फडकं

फ्रीमॉन्ट, १० ऑगस्ट २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आई ओटा पुसत होती. तिच्या हातातलं फडकं बघून मी बोलता बोलता थांबले, तर ती म्हणाली, "नेट गेलं वाटतं हिचं." नेट गेलं नव्हतं, आई. ते फडकं म्हणजे माझा टी-शर्ट आहे. जांभळा-केशरी, मधोमध भोवरा फिरवल्यासारखी वळणं असलेला. १९९७ मध्ये लग्नाला आले तेव्हा तो तिथल्या कपाटात राहिला. तू विचारलंस तेव्हा "युनिव्हर्सिटीच्या कार्यक्रमात फुकट मिळाला" असं ठोकून दिलं होतं.

फुकट नव्हता, दहा डॉलरचा होता. आणि ज्या शनिवारी घेतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला फोनवर सांगितलं की काल मंडळाच्या गणपतीला गेले होते. तू विचारलंस, मोदक उकडीचे होते की तळणीचे? मी म्हटलं, तळणीचे. गेली ३१ वर्षं ते मोदक माझ्या घशात अडकलेत.

तर खरं काय ते लिहिते. बाबा, पत्र तुम्हीच मोठ्याने वाचणार, तेव्हा मधलं काही गाळू नका.

१७ सप्टेंबर १९९४. माउंटन व्ह्यूचं शोरलाइन अ‍ॅम्फिथिएटर. इथल्या एका रॉक बँडचा कार्यक्रम. बँडचं नाव ग्रेटफुल डेड, म्हणजे कृतज्ञ मेलेले. ऐन गणपतीत हे नाव फोनवर घ्यायची माझी हिंमत झाली नाही. तिकीट रूममेटचं. हा बँड स्वतःच पोस्टाने तिकिटं विकायचा आणि लोक अर्जाची पाकिटं रंगवून पाठवायचे. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने तीन रात्री बसून एका पाकिटावर गुलाब आणि कवटी काढली होती. मला वाटलं होतं, हिचा काहीतरी नवस असावा.

कार्यक्रम संध्याकाळी आणि आम्ही दुपारी एकलाच हजर. एवढ्या लवकर कशाला, म्हटलं, तर ती म्हणाली, "लॉट सुरू झालाय ना!" लॉट म्हणजे गाड्या लावायचं मैदान. तिथे गाड्यांच्या दोन रांगांमधून एक आख्खी बाजारपेठ उभी राहिली होती. तिला सगळे शेकडाउन स्ट्रीट म्हणतात. बँडच्या एका अल्बमचं नाव. प्रत्येक गावी, प्रत्येक कार्यक्रमाला ती नव्याने वसायची आणि रात्री उठायची. महिनोन् महिने बँडच्या मागे गावोगाव फिरणारे लोक टी-शर्ट, मणी, स्टिकर विकून पुढच्या गावचं पेट्रोल काढायचे. तिकीट नसलेले एक बोट वर करून फिरत होते. कुणीतरी जादा तिकीट असंच देऊन टाकेल, याची वाट बघत. त्याला ते 'मिरॅकल' म्हणतात. एका म्हाताऱ्याला माझ्यासमोर ते मिळालं. त्याने देणाऱ्याला मिठी मारली आणि नंतर मलाही, मी फक्त शेजारी उभी होते तरी.

पण मला खरी आठवते ती भूक. आई, ते माझे इथले पहिले महिने. कशात काय घातलेलं असेल या धास्तीने मी पाव आणि केळ्यांवर दिवस काढत होते. आणि इथे जिकडेतिकडे शाकाहारी! एक बाई गाडीमागे मांडी घालून बसली होती, पुढ्यात दोन बर्नरची कॅम्पिंगची शेगडी आणि काळा बिडाचा तवा. पावाला लोणी लावून, मध्ये चीज घालून ती तव्यावर टाकत होती आणि उलथन्याने दाबत होती. आंबोळी सुटली की नाही हे बघायला तू कडेने कालथा घालतेस ना, अगदी तसा घालून बघत होती. एक डॉलरला एक. मी दोन खाल्ली, तिसऱ्याचे तिने घेतले नाहीत. तिच्या अंगाला कसल्याशा तेलाचा वास येत होता, पचौली म्हणतात त्याला. मला मात्र तो आजीच्या वेणीतल्या पाचेसारखा वाटला आणि उगाचच डोळ्यांत पाणी आलं.

सगळं गोडगोड नव्हतं, तेही लिहिते. गांजाचा धूर होता. दोन गाड्यांच्या आडोशाला सिलिंडरमधून फुगे भरून विकत होते आणि ते हुंगून एक पोरगा सरळ डांबरावर आडवा झाला. मी घाबरले. पण आत पिवळे फुगे लावलेलं एक टेबलही दिसलं. व्यसन सोडलेल्या लोकांनी मध्यंतरात एकमेकांना धरून उभं राहायची ती जागा. मी काही घेतलं नाही. शपथ घालू नका, एवढ्यावर विश्वास ठेवा.

आता बाबा, तुमचा भाग. आत गेल्यावर ध्वनिव्यवस्थेच्या टेबलामागे मला बांबूंचं बेट दिसलं. जवळ गेले तर ते उंच दांड्यांवर लावलेले माइक, प्रत्येकाखाली एक टेपरेकॉर्डर आणि शेजारी गप्प बसलेला एक माणूस. शंभरेक तरी असतील. बँडनेच त्यांना १९८४ पासून वेगळी जागा नेमून दिली होती. भरपूर टेप करा, एकमेकांना द्या, फक्त विकू नका. लोक कोऱ्या कॅसेट आणि परतीचं पोस्टेज पाठवून अनोळखी माणसाकडून टेप मागवायचे. आणि मला आठवलं तुमचं सवाईतलं ध्यान! शालीखाली मांडीवर टेपरेकॉर्डर, स्वयंसेवक जवळ आला की मोठ्याने खोकायचं, आणि घरी आल्यावर कॅसेटमध्ये गाण्यापेक्षा खोकलाच जास्त. तुम्हाला त्या रात्री तिथे एक खुर्ची मिळायला हवी होती.

संगीत पहिला तासभर मला कळलंच नाही. गाणं सुरू व्हायचं आणि संपायचं नावच घ्यायचं नाही. मग एका जागी गिटारवाला, जेरी गार्सिया, पांढरी दाढी, जागचा न हलणारा, त्याच त्या चार सुरांपाशी घुटमळायला लागला. पुन्हा, पुन्हा, दरवेळी जरा वेगळ्या वाटेने. आणि मी चक्क मान डोलावली. रमणबागेत थंडीत ब्लँकेटमध्ये गुंडाळून तुम्ही मला झोपू देत नव्हतात, "आता बघ, आता तो षड्जावर येतो की नाही" म्हणून कोपराने ढोसत होतात, तेच इथे चाललं होतं. काल वाजवलेलं ते आज वाजवायचे नाहीत, म्हणून लोक तिन्ही रात्री यायचे.

उत्तरार्धात बाकीचे मंचावरून गेले आणि दोघे तालवाले उरले. त्यातला मिकी हार्ट अल्लारखांकडे शिकलेला. १९९१ च्या त्याच्या 'प्लॅनेट ड्रम' अल्बममध्ये आपला माहीमचा झाकीर होता. जागतिक संगीताचं पहिलंवहिलं ग्रॅमी त्या अल्बमलाच. हे मला शेजारच्या दाढीवाल्याने सांगितलं. मी पुण्याची आहे म्हटल्यावर त्याने मला झाकीरबद्दल इतकं विचारलं, जणू तो आमच्या वाड्यातच राहत होता. मीही "हो, आमच्या बाबांनी ऐकलंय पुष्कळदा" म्हणून भाव खाऊन घेतला.

नंतर आणखी तीनदा गेले. तेही सांगितलं नाही. १९९५ च्या जुलैत इंडियानात तिकीट नसलेल्या पोरांनी कुंपण तोडलं, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रमच रद्द झाला. लॉटवाल्यांनीच लॉटचा घात केला, असं माझं आजही मत आहे. ९ ऑगस्टला गार्सिया गेला, जेमतेम ५३ वर्षांचा. त्या आठवड्यात तुमचा फोन आला. आई, तू विचारलंस, "आवाज बसलाय, सर्दी झाली का?" मी हो म्हटलं. तू मिनिटभर आल्याचा काढा सांगितलास, आणि घड्याळ समोर ठेवून बोलायचे ते दिवस!

हे सगळं आत्ताच का, तर गेल्या रविवारी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात बँडच्या साठीचा कार्यक्रम होता. जुन्यातले दोघे आणि बाकी नवे. तुमच्या नातवाला घेऊन गेले. रांगेत सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते, "तुझा पहिला शो कुठला?" गुडघ्यांना पट्टे बांधलेले आजोबा १९७२ सांगत होते. माझी पाळी आली, मी तारखेसकट सगळं सांगितलं, मोदकांसकट. लोक हसले. लेकाने विचारलं, "आणि आजी काय म्हणाली?" मी म्हटलं, आजीला माहीत नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की घरी आल्या आल्या लिहायला घ्यावंसं वाटलं, पण आठवडा गेलाच.

डिसेंबरात येतेय. बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत सवाईच्या कॅसेट आहेत, त्या तुम्ही चढून काढू नका, मी काढीन. इथून चांगला डेक आणतेय आणि त्या सप्टेंबरच्या रात्रीची टेपही, दाढीवाल्याने पोस्टाने पाठवलेली. तालाचा भाग तुम्ही ऐका. लांबवलंय म्हणाल, म्हणा.

तुमची,
बेबी

ता. क. आई, तू पुण्याहून पाठवलेला पांढरा खादीचा कुर्ता इथल्या मशीनने जांभळा केला असं मी कळवलं होतं. मशीन बिचारं निर्दोष होतं. ते फडकं अजूनही वेगळंच भिजव.